काळ्या टी-शर्टवर ब्लीचची नक्षी : माझा अनुभव

गळ्याशी विटलेला, पण अंगात अजून धड असलेला काळा टी-शर्ट पुसायला घ्यायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून त्यावर ब्लीचने पानांची नक्षी उठवायची ठरवली.

आधी कापडाची परीक्षा. आतल्या कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळला. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली, म्हणजे सुती. पॉलिस्टर असतं तर टोकाला कडक गोळी झाली असती आणि ब्लीचने त्याचा रंग जेमतेमच हलला असता. लोकर आणि रेशमाला तर ब्लीच लावूच नये, धागाच खाल्ला जातो.

खिडक्या उघडल्या, हातमोजे, चष्मा घातला. टी-शर्टच्या आत पुठ्ठा सरकवला, नाहीतर पाठीवरही डाग उमटतात. साधारण 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं ब्लीच आणि तेवढंच थंड पाणी प्लास्टिकच्या स्प्रेच्या बाटलीत घेतलं. हे मिश्रण लागेल तेवढंच करावं, ठेवून त्याचा जोर कमी होतो. खरी पानं कापडावर दाबून बसवली आणि वरून बारीक फवारा मारला. कापड ओलंचिंब केलं तर ब्लीच पानाखाली शिरतं आणि कडा फिसकटते.

पुढची काही मिनिटं मी तिथून हलले नाही. काळा आधी तपकिरी झाला, मग विटकरी, मग केशरी. काळा रंग बहुधा अनेक रंगद्रव्यांचा मिळून असतो आणि ती सगळी एकाच वेगाने उडत नाहीत, म्हणून मधल्या या छटा दिसतात. ओलं कापड गडद दिसतं, त्यामुळे हवी ती छटा दिसायच्या थोडं आधीच थांबले. पानं उचलली तर त्यांची काळी आकृती खाली शाबूत होती!

या कामातलं खरं कसब मला थांबवण्यात वाटतं. नुसतं खळबळून भागत नाही. धाग्यात उरलेलं ब्लीच आपलं काम करतच राहतं आणि पुढे तिथेच भोक पडू शकतं. थंड पाण्यात भरपूर खळबळल्यावर, उरलेलं ब्लीच निकामी करायला मी टी-शर्ट 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या एका भागात दहा भाग पाणी घालून बुडवला. ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे आले. सोडियम थायोसल्फेटही चालतं. व्हिनेगर मात्र मुळीच नको. खूप जण सुचवतात, पण आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. बाथरूमच्या आम्लयुक्त क्लीनरचंही तेच, आणि अमोनियाबरोबर क्लोरामाइन हा वेगळा विषारी वायू होतो, म्हणून त्यांच्या जवळपास ब्लीच नेऊ नये.

धुऊन वाळल्यावर खांद्याच्या शिवणीतला दोरा काळाच राहिलेला दिसला, तो पॉलिस्टरचा होता. केशरी कापडावर ती रेघ इतकी खुलली की मुद्दाम काढल्यासारखी वाटते. पहिल्या दोन-तीन धुण्यांना हा टी-शर्ट मी वेगळाच ठेवणार आहे.

आता एक विटकी जीन्स खुणावतेय, पण तिच्या लेबलवर इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा कृत्रिम धागा, लिहिलंय. क्लोरीनने त्याचा ताण जातो, म्हणून तिला हात लावणार नाही. जुनी सुती उशीची खोळ आहे, पुढची पानं तिच्यावर.