कामवही, नोंद ५ : डेटाबेस ठरला, ळ मात्र अडला

इंदुरातील आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची कामे कोणाकडे आहेत आणि कशापायी अडली आहेत, हे नोंदवणाऱ्या 'कामवही'साठी अखेर एसक्यूलाइट हा सगळा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेसच कायम केला आहे. माझा कल पोस्टग्रेस या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसकडे होता. पण चौदा कार्यकर्त्यांसाठी वेगळा सर्व्हर सांभाळत बसणे मला जड वाटले.

याआधी एसक्यूलाइट वापरताना अडचण आली होती, पण तिच्यात दोष डेटाबेसचा नव्हता, फाइल ठेवलेल्या जागेचा होता. राउटरला जोडलेल्या डिस्कवरील फाइल तिघे जण थेट उघडत होते. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येते, ही शिस्त फाइलच्या लॉकवर (एक जण लिहीत असताना इतरांना लिहू न देणाऱ्या कुलपावर) चालते आणि नेटवर्कवरील फोल्डरमध्ये त्या लॉकचा भरवसा नसतो. आता जुन्या लॅपटॉपवरील एकच प्रोग्राम फाइल उघडतो, बाकीचे ब्राउझरमधून काम करतात. २०१० पासून उपलब्ध असलेली 'वॉल' पद्धत (नवे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिणारी) चालू केल्याने एक जण लिहीत असताना इतरांचे वाचन थांबत नाही.

त्याच वॉलने एक फटकाही दिला. बॅकअप म्हणून मी केवळ मुख्य फाइल पेनड्राइव्हवर घेत होतो. ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलमध्येच राहिल्या आणि मांडववाल्याला दिलेली उचल हिशेबातून गायब झाली. आता 'व्हॅक्यूम इंटू' ही डेटाबेसची पूर्ण प्रत काढणारी आज्ञा वापरतो.

सर्वाधिक वेळ खाल्ला तो 'ळ'ने. आडनावांच्या यादीत 'काळे' हे 'कावळे'च्या आधी आलेले खजिनदारांनी लगेच हेरले. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकीय मानकात, ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो व एसक्यूलाइट मुळात बाइटच, म्हणजे साठवलेले आकडेच, ताडून पाहते. आपल्या वर्णमालेत मात्र ळ 'ह'नंतर येतो. पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, आयसीयू या भाषांचे नियम जाणणाऱ्या लायब्ररीमुळे मराठी क्रम आयता मिळतो, हा त्याचा खरा मोठेपणा. मी पायथॉनमधून स्वतःचे कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचा नियम, एसक्यूलाइटला जोडून पाहिले. पण त्यावर बांधलेला इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) असलेली फाइल एसक्यूलाइटच्या साध्या कमांड-लाइनवर उघडून वापरली, की कोलेशन सापडत नसल्याची तक्रार येते. म्हणून क्रमासाठी वेगळा रकाना केला. नाव साठवतानाच त्यात ळ च्या जागी 'ह' आणि त्यामागे युनिकोडमधील एक अगदी वरचे चिन्ह जाते. क्ष साठी 'ह'मागे तशी दोन चिन्हे, ज्ञ साठी तीन. कावळे आता काळ्यांच्या आधी आहेत. अनुस्वाराचा क्रम अजून लागायचा आहे.