तुम्ही विचारलंत म्हणून: सूर्याचे फोटो असताना रेडिओ कशाला?

"सॅटेलाइटवरून सूर्याचे इतके भारी फोटो येतात, मग तुम्ही रेडिओवर काय ऐकत बसता?" हे मला सारखं विचारतात. ऐकत नाही हो, बघतोच. स्क्रीनवर आडवी वेळ, उभी फ्रिक्वेन्सी, आणि सिग्नल जितका जोरात तितका रंग भडक. सूर्य गप्प असला की एफएम स्टेशनांच्या सरळ आडव्या रेघा तेवढ्या दिसतात.

फ्लेअर, म्हणजे सूर्यावर अचानक होणारा स्फोट, झाला की बऱ्याचदा आधी टाइप थ्री नावाचा रेडिओ सिग्नल येतो, जवळजवळ उभी रेघ, काही सेकंदांत संपते, प्रकाशाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने सुटलेले इलेक्ट्रॉन असतात ते. आणि मग कधीकधी काही मिनिटांनी टाइप टू, सावकाश खाली उतरणारी तिरकी रेघ, पुष्कळदा जोडीने, एक मूळ फ्रिक्वेन्सीची आणि एक दुप्पटीची. ती दिसली की मी बाकी सगळं बाजूला ठेवते, कारण ती शॉक वेव्हची खूण आहे आणि साध्या फोटोत शॉक क्वचितच धड दिसतो.

गंमत अशी की प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू, जितका दाट तितकी ही फ्रिक्वेन्सी जास्त. एका घन सेंटिमीटरमध्ये 10 कोटी इलेक्ट्रॉन असले की साधारण 90 मेगाहर्ट्झ, घनता चौथाईवर आली की 45. करोना, म्हणजे सूर्याचं बाहेरचं वातावरण, वर वर विरळ होत जातो, म्हणजे शॉक वर निघाला की फ्रिक्वेन्सी उतरते, आणि ती किती भराभर उतरते त्यावरून वेग काढता येतो, सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वगैरे. 1947 मध्ये सिडनीला रेडिओ खगोलशास्त्रज्ञ रूबी पेन-स्कॉट आणि तिच्या सहकाऱ्यांनी हेच पकडलं, सिग्नल आधी 200 वर, मग 100 वर, मग 60 मेगाहर्ट्झवर, मध्ये मिनिटांचं अंतर. तीनच फ्रिक्वेन्सी हाताशी असताना त्यांनी ओळखलं की काहीतरी बाहेरच्या दिशेने चाललंय, मला याचं अजून फार कौतुक वाटतं.

पण हा वेग घनतेचं कुठलं मॉडेल धरलं यावर ठरतो, आणि शॉक तिरका गेला असेल तर आकडा आणखी बदलतो, म्हणून नुसता एक आकडा छापणं मला पटत नाही. शॉक फ्लेअरच्या स्फोटाने उठला की पुढे ढकलत जाणाऱ्या सीएमईने (सूर्याने बाहेर फेकलेल्या प्लाझ्माच्या प्रचंड ढगाने), हा वाद कितीतरी वर्षं चालला, आज बहुतेकांचा कल सीएमईकडे आहे, माझाही, पण प्रत्येक घटनेत तेच असेल असं नाही. तिथेच फोटो लागतात, रेडिओ इमेजिंगही लागतं, उगम नेमका कुठे होता ते कळायला. आणि साधारण 10 मेगाहर्ट्झच्या खाली आयनोस्फिअर, म्हणजे पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, काही आत येऊच देत नाही, तिथून पुढचा पाठलाग 1994 ला सोडलेल्या विंडसारखी यानं करतात.