'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न दर चार-आठ दिवसांनी येतोच. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं विचारतात, दहावीतल्या मुलींच्या आया विचारतात, रिटायर झाल्यावर निवांत कविता वाचायला घेतलेले एखादे काकाही विचारतात. "मॅडम, अलंकार ओळखायची ट्रिक सांगा की. 'सारखा' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, बरोबर ना?"

परीक्षेपुरतं बरोबर. त्यावर मार्क मिळतात, आणि मार्कांना नाक मुरडणं मला तरी परवडत नाही. पण ही ट्रिक दगा कुठं देते तेही बघा. 'आहे ताजमहाल एक जगती तोच त्याच्यापरी' ही व्याकरणाच्या पुस्तकांतली घासून गुळगुळीत झालेली ओळ. तिच्यात 'परी' दिसलं की पोरं डोळे झाकून उपमेवर खूण करतात. उत्तर आहे अनन्वय. ताजमहालाशी तोलायला दुसरं काही सापडेना, म्हणून त्याला त्याच्याच शेजारी उभं केलंय. शब्द उपमेचा, पण सांगतोय काय, तर इथं उपमा द्यायची सोय नाही. आणि 'तो सारखा बोलतो' या वाक्यात 'सारखा' असूनही उपमा औषधाला नाही.

म्हणून मी पोरांना सांगते, शब्द मागाहून बघा. आधी बघा, बोलणारा कुठवर वाहवत गेलाय.

कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्यांचं मैदान भरलंय असं समजा. हलगी कडाडतेय, निवेदकाच्या हातात माईक. पैलवान आत उतरतो आणि निवेदक म्हणतो, "वाघासारखा चालतोय बघा!" इथं सगळं जागच्या जागी आहे: पैलवान उपमेय, म्हणजे ज्याचं वर्णन चाललंय तो; वाघ उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली तो; 'सारखा' हा साधर्म्य दाखवणारा शब्द; चालण्यातला डौल हा साधारण धर्म, म्हणजे दोघांत सारखा असलेला गुण. निवेदक अजून भानावर आहे. माणूस वेगळा, जनावर वेगळं, हे त्याला कळतंय. कुस्ती जुंपली, पट काढला, की तो ओरडतो, "जणू वाघच झेपावला!" आता त्याला घटकाभर तसं वाटायला लागलं. ही उत्प्रेक्षा. अजून जरा वेळानं, "हा पैलवान म्हणजे वाघ!" दोघांतला भेद संपला, रूपक झालं. आणि समोरचा चितपट झाला की, "वाघानं याच्याकडं येऊन झेप शिकावी!" उपमेय उपमानाच्या वर चढून बसलं, म्हणजे व्यतिरेक. एवढ्या वेळात पैलवान तोच होता आणि वाघही तोच. पुढं पुढं सरकत होता तो निवेदक.

अपन्हुतीसाठी मात्र खासबागेतून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर यावं लागतं. म्हैस डोळ्यांसमोर पिळतात, पेल्यात फेस वर येतो आणि देणारा म्हणतो, "दूध कसलं घिऊन बसलाय, अमृत हाय ह्ये!" आहे ती वस्तू साफ नाकारायची आणि तिच्या जागी उपमान आणून बसवायचं. पुस्तकातली व्याख्या याहून वेगळं काही सांगत नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो साधारण धर्म, कारण बहुतेक वेळा तो कुणी सांगतच नाही. 'पैलवान म्हणजे वाघ' म्हटल्यावर पट्टे आठवायचे नाहीत, शेपूट आठवायचं नाही, हे ऐकणाऱ्यानं आपलं आपण ठरवायचं असतं. कवितेत माणूस अडतो तो इथं. बहिणाबाईंनी मनाला 'उभ्या पिकातलं ढोर' म्हटलं. ते वर्गात शिकवताना मी नेहमीसारखं सांगत होते, मन हट्टी असतं, हाकललं तरी पुन्हा तिथंच येतं वगैरे. कागलकडचा एक पोरगा, घरी दोन म्हशी, मला म्हणाला, "मॅडम, ढोराला काय बोल लावताय? पीकच तसं असतंय." मी पुढं शिकवायची थांबले. हट्टापलीकडं भूक होती, हिरव्याची ओढ होती, आणि हे ज्यानं ढोरं हाकललीत त्यालाच चटकन दिसणार. अर्थ अडला की उपमानाशी जाऊन बसा, असं मी तेव्हापासून सांगते. उपमेय आपोआप उलगडतं.

आता काकांसाठी थोडं पुढचं. अलंकाराचं नाव न लागणारं कितीतरी बोलणं वाकडं चालत असतं. जाहिरात असते: 'रंकाळ्यावर टू बीएचके'. रंकाळा हा आमचा तलाव. रंकाळ्यावर म्हणजे पाण्यावर का? शब्दाचा सरळ अर्थ अडतो, म्हणून आपण जवळचा 'काठावर' हा अर्थ घेतो. ही लक्षणा. संस्कृतातलं यासाठीचं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'गंगायां घोषः', गंगेवर गवळीवाडा. मग 'काठावर' असंच का म्हणायचं नाही? कारण 'गंगेवर' म्हटलं की तिचा गारवा आणि पावित्र्यही सोबत येतं. बिल्डरलाही संध्याकाळचा वारा फुकटात विकायचा असतो. पाण्याला वास मारायला लागला की तेच 'रंकाळ्यावर घर आहे हो आमचं' तक्रारीच्या सुरात ऐकू येतं.

हा न बोललेला भाग म्हणजे व्यंजना. तिला अलंकार लागतोच असं नाही. अकराव्या शतकात मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकारानं 'काव्यप्रकाश'मध्ये 'सूर्य मावळला' एवढंच वाक्य घेऊन दाखवलंय, की ऐकणाऱ्यागणिक त्याचा अर्थ पालटतो. कुणाला त्यात काम थांबवा असं ऐकू येतं, कुणाला गुरं घराकडं वळवा असं. आपल्याकडं पावसाळ्यात याहून चांगलं उदाहरण मिळतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. "पाणी 39 वर आलं." उपमा नाही, रूपक नाही, सरकारी आकडा. पण नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या माणसाला त्यात जनावरं सोडा, धान्य माळ्यावर टाका असं ऐकू येतं. रोज शहरात येणाऱ्याला उद्या रस्ता बंद असं. माझ्या वर्गातल्या पोरांना ऐकू येतं, परवाचा पेपर पुढं गेला.

कुणाला काय ऐकू आलं, हे परीक्षेत अजून तरी विचारत नाहीत. विचारलंच, तर पर्याय चारच कसे द्यायचे, ते पेपर काढणाऱ्यांनी बघावं.