लाटांचा ट्रे, नोंद 3: वाळूचा दांडा वाढू लागला

वाळूचा दांडा म्हणजे किनाऱ्यापासून खाडीच्या तोंडावर पुढे वाढत जाणारी वाळूची चिंचोळी जीभ. ती कशी तयार होते, ते घरच्या ट्रेमध्ये लाटा उठवून पाहतो आहे. ट्रे मागच्या नोंदींतलाच: जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याचा, 120 × 80 सेंमी, 15 सेंमी खोल. लांब बाजूला प्लायचे पॅडल, ते हलवायला गाडीच्या वायपरची 12 व्होल्टची मोटर, मिनिटाला 60 फेरे. पाणी 6 सेंमी, लाट साधारण दीड सेंमी उंच.

या खेपेचा मुख्य बदल म्हणजे तिरका किनारा. मागच्या नोंदीत तो पॅडलला समांतर होता, त्यामुळे वाळू फक्त वरखाली होत राहिली. आता 15 अंश तिरका केला आहे. लाट तिरकी चढते, पण परतताना पाणी सरळ उतारानेच उतरते. त्यामुळे प्रत्येक कण करवतीच्या दात्यांसारखा नागमोडी पुढे सरकतो. किनाऱ्याचे जे टोक पॅडलपासून लांब, तिकडे वाळू जाते. खाडीचे तोंड तिथेच खोदायचे. मालवणजवळ तारकर्लीकडून देवबागच्या टोकाला उतरताना एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी दिसते, तशीच ही मांडणी.

वाळू बांधकामाचीच घ्या, किनाऱ्यावरून आणू नका. 52 नंबरच्या चाळणीतून खाली पडणारी आणि 100 नंबरवर राहणारी, 25 किलो. पाणी नितळ होईपर्यंत धुवा, नाहीतर गाळ उठतो आणि काहीच दिसत नाही. वाळू कुठे सरकते याचा माग काढायला रंगीत रांगोळी वापरू नये, तिचा रंग पाण्यात उतरतो. चमचाभर वाळूला ऑइलपेंट चोळून वाळवा, चुरडून पुन्हा चाळा.

पहिली चाचणी फसली. दांडा 5 सेंमी झाला आणि थांबला, उलट वरच्या, म्हणजे पॅडलजवळच्या टोकाचा किनारा खचत गेला. कारण उघड आहे: दांड्याला लागणारी वाळू तिथूनच निघत होती आणि मागून भर नव्हती. दुसऱ्या चाचणीत वरच्या टोकाला दर 2 मिनिटांनी 100 ग्रॅम ओली वाळू टाकली. कोरडी टाकली तर हवा धरून तरंगते. 40 मिनिटांत दांडा 14 सेंमी झाला आणि टोक आकड्यासारखे खाडीकडे वळले, कारण टोकाला वळसा घालताना लाटाच वाकतात. हे वळण आपोआप आले, हात लावावा लागला नाही. फार देखणे दिसते!

पत्र्यावरून परतणाऱ्या लाटा मात्र अजून त्रास देतात. बाजूंना काथ्याची उतरती गादी लावल्यावर बऱ्याच निवल्या. काथ्या आधी दोन दिवस भिजवा, तपकिरी पाणी सुटते.

पुढच्या चाचणीत खाडीतून मत्स्यालयाच्या पंपाने पूर सोडायचा आहे. पंप पाणी समुद्राच्या बाजूनेच ओढेल, म्हणजे पातळी 6 सेंमीच राहील. दांडा मुळाशी फुटतो की टोकाशी, ते मोजू.