खाटेवरचा माणूस

वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा राउंड आला. पाच-सहा जण खाटेभोवती उभे राहिले, एकाने चादर बाजूला करून टाके पाहिले, ‘बारा नंबरला आज पातळ आहार सुरू करा’ असे सिस्टरांना सांगितले आणि सगळे पुढच्या खाटेकडे वळले. उपचारांत काही कसूर नव्हती, जखमही पुढे नीट भरली; पण पडदा ओढून घ्यावा हे कोणालाच सुचले नव्हते, आणि वडील दिवसभर चादरीची कड मुठीत घट्ट धरून पडले होते.

वेळ नसतो, असे यावर सांगितले जाते. एकेका परिचारिकेवर किती रुग्णांचा भार असतो हे मी पाहिले आहे, त्यामुळे ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. तरीही स्वतःचे नाव सांगायला किंवा हात लावण्याआधी विचारायला कितीसा वेळ लागतो? ब्रिटनमधील डॉक्टर केट ग्रेंजर स्वतः कर्करोगाने आजारी होत्या. २०१३ मध्ये रुग्णालयात असताना त्यांच्या लक्षात आले की, आपल्यावर उपचार करणारे कित्येक जण आपण कोण हेही सांगत नाहीत. प्रत्येकाने रुग्णाला आधी आपले नाव सांगावे, एवढ्याच आग्रहाची मोहीम त्यांनी त्यातून उभी केली आणि २०१६ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव यांनी तर रुग्णाला विचारण्यासाठी एक प्रश्नच सुचवला आहे : तुमची उत्तम काळजी घेता यावी म्हणून, माणूस म्हणून तुमच्याविषयी आम्हांला काय माहीत असायला हवे? केसपेपरवर वय, रक्तगट, ॲलर्जी यांसाठी रकाने असतात. या प्रश्नासाठी मात्र मला तरी कुठे जागा दिसली नाही.

त्याच रात्री पाळीवर आलेल्या सिस्टरांनी आधी आपले नाव सांगितले, पडदा ओढला आणि विचारले, “काका, कूस बदलून देऊ का? कोणत्या बाजूला बरं वाटेल?” उजवा खांदा जुन्या दुखापतीमुळे आखडलेला आहे, त्या बाजूला निजवत नाही, असे वडिलांनी तेव्हा सांगितले. दोन दिवस त्यांना त्याच कुशीवर वळवले जात होते.