विधाने आणि कारणे

आठवी ते दहावी आम्हाला भूमिती शिकवणाऱ्या बाईंचा एक दंडक होता. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे विधाने आणि उजवीकडे त्यांची कारणे लिहायची. उजवी बाजू रिकामी असेल, तर डावीकडचे उत्तर बरोबर असूनही बाई ते उदाहरण तपासत नसत.

समांतर रेषांच्या धड्यात हा दंडक आम्हाला जाचक वाटे. दोन समांतर रेषांना एक छेदिका छेदते, आठ कोन होतात, आणि त्यांपैकी एक 110° दिला की उरलेले सात तोंडी सांगता येतात, कारण 110 आणि 70 यांखेरीज तिसरी संख्या तेथे येतच नाही. मग प्रत्येक कोनापुढे ‘संगत कोन’, ‘व्युत्क्रम कोन’, ‘रेषीय जोडीतील कोन’ असे लिहीत बसण्याचे प्रयोजन काय? ते पुढे त्रिकोणापाशी आल्यावर कळू लागले. तिन्ही कोनांची बेरीज 180° असते हे कोनमापकाने पडताळताना कोणाची 179 भरे, तर कोणाची 182. बाईंनी शिरोबिंदूतून पायाला समांतर अशी एकच रेषा काढली. पायाजवळचे दोन्ही कोन, व्युत्क्रम म्हणजे छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे समान कोन म्हणून, त्या रेषेवर, शिरोकोनाच्या दोन बाजूंना येऊन बसले आणि सरळ कोन पूर्ण झाला. मोजण्याची गरजच उरली नाही.

मला सर्वांत अधिक आठवतो तो एकरूपतेचा तास. बाकोबा (म्हणजे बाजू-कोन-बाजू), कोबाको, बाबाबा या दोन त्रिकोण तंतोतंत सारखे आहेत का हे ठरवण्याच्या कसोट्या आम्ही बाराखडीसारख्या घोकल्या होत्या, तेव्हा ‘बाबाको’ का नाही, असे एकाने विचारले. बाईंनी उत्तर न देता आम्हालाच कंपास काढायला सांगितले: रेख अब 6 सेमी, ‘अ’पाशी 30° चा कोन, आणि ‘ब’ केंद्र धरून 4 सेमी त्रिज्येचा कंस. तो कंस कोनाच्या दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदून गेला. दोन बाजू आणि एक कोन तेच राहूनही दोन निराळे त्रिकोण तयार झाले, एकाची तिसरी बाजू जेमतेम अडीच सेंटिमीटर, तर दुसऱ्याची पावणेआठच्या किंचित वर. काटकोन असला की हा घोटाळा होत नाही, म्हणूनच काटकोन त्रिकोणांत फक्त कर्ण आणि एक भुजा पाहणारी कर्णभुजा कसोटी चालते, हेही त्याच तासाला उलगडले.

अलीकडे दहावीच्या प्रश्नपत्रिकेत अर्धवट सिद्धता छापून रिकाम्या चौकटी भरायला सांगतात. परीक्षकाची सोय मला समजते, पण कोणती रेषा काढायची हा खरा कठीण भाग त्यात आधीच छापलेला असतो. म्हणून यंदा दहावीला असलेल्या पुतणीला मी तीच प्रमेये कोऱ्या कागदावर, मधोमध रेघ मारून लिहायला लावतो. ती पुष्कळ कुरकुर करते, आणि रचनेपाशी आली की गप्प होऊन पेन्सिलीला टोक करू लागते.