कास्ट आयर्न बुलेट: इंजिन सुटलं, आता धुलाई

मंडळी, ३५० बुलेटचं इंजिन पूर्ण सुटलं. क्रँककेसचे (इंजिनाचं खालचं घर) दोन्ही अर्धे, बॅरल (पिस्टन ज्यात चालतो तो सिलिंडर), हेड, रॉकर बॉक्स, पंप, टायमिंगची गिअरं सगळं वेगवेगळ्या ट्रेमध्ये मांडलंय. ७० बाय ९० चं (सिलिंडरचा व्यास ७० मिमी, पिस्टनची धाव ९० मिमी), ३४६ सीसीचं जुनं इंजिन. बॅरल बिडाचं, हेड आणि क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची. धुताना हा फरक सतत डोक्यात ठेवावा लागतो.

सुटलेला भाग थेट डिझेलच्या घमेल्यात टाकायची घाई मी करत नाही. आधी गाळ बघतो. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसमध्येच असते आणि तिच्या तळाशी काळा, लोण्यासारखा थर बसतो. तो बोटाने काढून पांढऱ्या कागदावर पसरला आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवला. बारीक कण चुंबकामागे सरकले. ते लोखंडाचे, इतक्या चाललेल्या इंजिनात थोडे निघणारच. पण कागद उन्हात तिरका धरल्यावर पिवळी चमक दिसली, आणि ती चुंबकाला दाद देईना. म्हणजे ब्राँझ. पहिला संशय कनेक्टिंग रॉडच्या वरच्या बुशावर, म्हणजे पिस्टन पिन ज्यात बसते त्या ब्राँझच्या नळीवर. पिस्टन पिन घालून हलवली तर प्ले हाताला स्पष्ट लागला. बुश बदलायचा हे तिथेच ठरलं. आधी धुतलं असतं तर हा पुरावा घमेल्याच्या तळाशी गेला असता.

पहिला हात डिझेलचा, जुन्या रंगाच्या ब्रशने. पेट्रोल वापरू नका, कितीही लवकर साफ होत असलं तरी. त्याची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने ते पेटायला तयारच असतं. डिझेलनंतर गरम पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड. डिझेल चिकटा सोडवतं, पण स्वतःचा तेलकट थर मागे ठेवतं. तो साबणानेच जातो.

कॉस्टिक सोड्याचा सल्ला हमखास मिळतो. बिडाच्या बॅरलपुरता तो ठीक, पण हेड किंवा क्रँककेस त्यात टाकली की फेस येतो, हायड्रोजन सुटतो आणि सोडा अ‍ॅल्युमिनियम खायला लागतो. गॅस्केटच्या जागा आणि बेअरिंगची घरं गेली की ती क्रँककेस संपली. दोन्ही अर्धे जोडीचे असतात, भंगारातून एकच अर्धा आणून काम भागत नाही.

पिस्टनच्या डोक्यावरची काजळी डिझेलमध्ये रात्रभर भिजवून बांबूच्या कामटीने काढली. वेळ लागतो, पण ओरखडा एकही नाही. रिंगच्या खाचांसाठी जुनी रिंग मोडून तिचं टोक वापरलं, खाचेच्या मापाचं हत्यार तेच. गॅस्केट पेपर खरवडायला स्क्रूड्रायव्हर लावू नका. तिथे पडलेल्या एका चरीतून पुढे कायम तेल पाझरतं.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो तेलाच्या वाटांना. या कामाचा जीव तिथेच आहे. टायमिंग कव्हरमधून तेल क्रँकच्या टोकात शिरतं, मध्ये कॉर्कचं छोटं सील असतं, आणि पुढे क्रँकमधल्या भोकांतून बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला, पोचतं. कुठेही जुन्या गाळाची गुठळी राहिली तर नवा बिग एंड पहिल्याच फेरीत कोरडा चालेल. जुन्या क्लच वायरचं टोक उसवून त्याचा ब्रश केला, डिझेलमध्ये बुडवून दोन्ही बाजूंनी फिरवला, मग पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारली. प्रत्येक वेळी वायरचे धागे तपासा. तुटलेला एक धागा आत राहिला तर तो गाळापेक्षा वाईट. रॉकरकडे (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) जाणाऱ्या पाइपच्या बोल्टची भोकं तर सुईएवढी. एक पूर्ण बुजलेलं होतं. वरचे रॉकर इतके का झिजले होते, ते कळलं.

बॅरल पाण्याने धुतलं की लगेच पुसून, हवा मारून, तेलाचं बोट फिरवा. उघडं बीड बघता बघता तांबूस होतं. पुसायला धागे न सुटणारं कापड घ्या. कॉटन वेस्ट बाहेरच्या फिन्सपुरतं ठीक.

सँड ब्लास्टिंगला मी नाही म्हटलं. क्रँककेस नव्यासारखी दिसते हे खरं, पण वाळूचा कण तेलाच्या वाटेत किंवा आट्यांत अडकला तर तो गरम तेलाबरोबर बेअरिंगमध्ये उतरतो. मला रंग करडा असला तरी चालेल. बोल्ट आणि त्यांची भोकं धुतानाही हाच विचार. आटे जुने ब्रिटिश मापाचे आहेत, मेट्रिक टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालून साफ करायला गेलात तर आटाच कापला जाईल. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसकट.

आता बॅरल उद्यमनगरात लेथवाल्याकडे जाईल. वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं माप घ्यायचं. वरची रिंग जिथे थांबते त्याच्या लगेच वर नखाला कडा लागतेय, त्यामुळे रीबोअर (सिलिंडर आतून मोठा कातणं) बहुधा होणारच. होनिंग (आतून दगडाने घासणं) करून आल्यावर बॅरल पुन्हा गरम साबणाच्या पाण्यात. दगडाची पूड होनिंगच्या बारीक रेघांत बसते आणि डिझेलने हलत नाही. तेल लावलेलं पांढरं कापड बोअरमध्ये फिरवून ते करडं यायचं थांबेपर्यंत धुवायचं, मगच पिस्टन. बुश आणि ओव्हरसाइज पिस्टनची मापं आली की इथे टाकतो.